वाडी : एका शब्दाची कुळकथा

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल गाडी खडकी सोडते आणि मुळा नदीचा पूल ओलांडते. मग दापोडी लागते, आणि तिच्यामागून कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्थानके एकामागून एक येतात. याच भागातून आता मेट्रोचाही मार्ग गेला आहे. ६ मार्च २०२२ रोजी त्याचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा पिंपरीहून निघालेल्या गाडीचे शेवटचे स्थानक होते फुगेवाडी. पवना नदीच्या पलीकडे काळेवाडी आहे. चिंचवडला लागून वाल्हेकरवाडी आहे. मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडून चाकणच्या बाजूस गेले, की नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी अशी नावे रस्त्याच्या पाट्यांवर दिसू लागतात.

ही नावे वाचणारा नवखा प्रवासी थोडा बुचकळ्यात पडतो. ‘वाडी’ म्हटले, की त्याच्या डोळ्यांसमोर दहापाच कौलारू घरे, एक विहीर, दोनचार बैलजोड्या आणि भोवती पसरलेले शेत उभे राहते. येथे तर उंच इमारती आहेत, कारखान्यांची धुराडी आहेत, रात्रंदिवस वाहणारे हमरस्ते आहेत. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १७ लाखांहून अधिक भरली होती. एवढ्या मोठ्या नगरात ‘वाडी’ हा शब्द आला कोठून, आणि शेते गेल्यावरही तो टिकून राहिला कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर शब्दाच्या मुळापर्यंत जावे लागते.

माणसांप्रमाणे शब्दांनाही कूळ असते. ‘वाडी’चे कूळ संस्कृत भाषेत सापडते. संस्कृतात ‘वृ’ असा एक धातू आहे. त्याचा एक अर्थ झाकणे, वेढणे असा आहे. ‘आवरण’ आणि ‘आवृत’ हे शब्द याच धातूपासून झाले. शेताभोवतीच्या कुंपणाला संस्कृतात ‘वृति’ म्हणत. मराठीत कुंपणाला ‘वई’ हा जुना शब्द आहे, तो या ‘वृति’चाच वंशज होय. त्याच घराण्यात ‘वाट’ असा आणखी एक शब्द होता. कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा, असा त्याचा अर्थ. अशी जागा लहान असली म्हणजे तिला ‘वाटी’ अथवा ‘वाटिका’ म्हणत. रावणाने सीतेला जेथे ठेवले ती अशोकवाटिका सर्वांना ठाऊक आहे. ती झाडांनी भरलेली बाग होती, तशीच ती चहूबाजूंनी राखलेली जागाही होती. ‘वाटिका’ या शब्दात बाग आणि बंदोबस्त हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते, हे त्यावरून ध्यानात येते.

संस्कृतातील शब्द लोकांच्या तोंडून प्राकृतात आले आणि प्राकृतातून मराठीत उतरले. या प्रवासात दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या ‘ट’चा पुष्कळदा ‘ड’ झाला. ‘वट’चा वड झाला, ‘घोटक’चा घोडा झाला, ‘कीट’ची कीड झाली. याच नियमाने ‘वाटी’ची वाडी झाली. ‘वाटक’ या शब्दापासून वाडा झाला. सुरा आणि सुरी, गाडा आणि गाडी, डबा आणि डबी या जोड्यांप्रमाणेच वाडा आणि वाडी ही जोडी आहे. मोठी बंदिस्त वास्तू तो वाडा, आणि लहान बंदिस्त जागा ती वाडी. पुण्यातील शनिवारवाड्याभोवती भक्कम तट आहे. खेड्यातील वाडीभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण असे. दोहोंची थोरवी निराळी, पण कूळ एकच. गुरे कोंडण्याच्या किंवा घरामागच्या लहान आवाराला ‘वाडगे’ म्हणतात, तेही याच कुळातले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून ते भाऊबंद असतातच असे नाही. पायाखालची ‘वाट’ संस्कृतातील ‘वर्त्मन्’ या शब्दापासून झाली आहे. कुंपण या अर्थाच्या ‘वाट’शी तिचे नाते नाही. अळूची किंवा कोथिंबिरीची ‘वडी’ ही ‘वटिका’ म्हणजे लहान गोळी या शब्दावरून आली. तिचाही वाडीशी संबंध नाही. ‘पाडा’ हा शब्द वाड्याच्या जवळचा वाटतो, परंतु तो ‘पाटक’ या निराळ्या शब्दापासून झाला आहे. शब्दाचे कूळ नुसत्या कानांनी ठरत नाही. त्याचे जुने रूप कोणते होते, ते कोणत्या नियमाने बदलले, आणि शेजारच्या भाषांत त्याची भावंडे आहेत काय, हे पाहूनच ते ठरवावे लागते.

‘वाडी’ची भावंडे शेजारच्या भाषांत आहेतच. गुजरातीत ‘वाडी’ म्हणजे बाग किंवा बागायत. हिंदीत ‘खेती-बाडी’ हा जोडशब्द रोजच्या वापरात आहे. त्यातील ‘बाडी’ ती हीच, आणि ‘बाड’ म्हणजे कुंपण. बंगालीत तर ‘बाडी’ म्हणजे चक्क घर. रवींद्रनाथ ठाकुरांचे कोलकात्यातील घराणे ज्या वास्तूत राहत होते, तिला ‘ठाकुरबाडी’ म्हणतात. एकाच कुंपणातून कोणी बाग घेतली, कोणी शेत घेतले, कोणी घर घेतले. मराठीने मात्र त्यातून बाग तर घेतलीच, शिवाय एक लहानसे गावच वसवले.

खेड्यातील वस्तीसाठी मराठीत अनेक शब्द आहेत, आणि प्रत्येकाची जन्मकथा वेगळी आहे. ‘गाव’ हा शब्द ‘ग्राम’ या शब्दापासून आला. वेदकाळी ‘ग्राम’ म्हणजे एकत्र हिंडणारा माणसांचा समूह; तो समूह एके ठिकाणी स्थिरावला, आणि पुढे त्या ठिकाणालाच ग्राम म्हणू लागले. ‘खेडे’ हा शब्द ‘खेट’ या शब्दापासून झाला. चाकण ज्या तालुक्यात आहे, त्याचे नावच ‘खेड’ आहे. त्या तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या खेड गावाला हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या स्मरणार्थ राजगुरुनगर असे नाव मिळाले. तालुक्याचे नाव मात्र खेड असेच राहिले. ‘वस्ती’ हा शब्द ‘वसति’ म्हणजे राहणे यावरून आला. गावात माणसांचा समूह आहे, वस्तीत राहणे आहे, आणि वाडीत कुंपण आहे.

कुंपणापासून गाव कसे झाले, हे समजण्यासाठी जुन्या खेड्याची रचना पाहिली पाहिजे. देशावरील खेड्याचे दोन भाग मानले जात. ज्या जागेवर घरे असत, ती ‘पांढरी’. जी जमीन पिकवली जाई, ती ‘काळी’. सारी घरे पांढरीवर दाटीने एकमेकांस लागून असत. त्यामुळे चोराचिलटांचे भय कमी होई. पण काळी दूरवर पसरलेली असे. कोणाचे शेत गावापासून अर्ध्या कोसावर, तर कोणाचे दोन कोसांवर. पेरणीच्या दिवसांत बैल, अवजारे आणि बी घेऊन रोज एवढे अंतर तुडवणे जिवावर येई. शेणखत तेथवर वाहून न्यावे लागे. पीक हाताशी आले, की दिवसा पाखरे आणि रात्री रानडुकरे त्याचा फन्ना उडवीत. गोफण घेऊन दिवसभर आणि शेकोटी पेटवून रात्रभर राखण करावी लागे.

अशा वेळी एखादा शेतकरी आपल्या विहिरीजवळ गुरांसाठी गोठा बांधी. गोठ्याभोवती तो काट्यांची वई घाली. गोठ्यालगत एक छप्पर उभे राही. प्रथम हंगामापुरता तेथे मुक्काम होई. विहिरीला पाणी असे, मोट चालत असे, आणि भाजीपाला व चार फळझाडे त्या पाण्यावर जगत. मग एखाद्या वर्षी घरातील माणसे गावात परतत नसत. तेथेच चूल मांडली जाई. मुलगे मोठे झाले, की त्यांची घरे त्याच आवारात शेजारी शेजारी होत. दोनतीन पिढ्यांत दहावीस उंबरे झाले, म्हणजे लोक त्या ठिकाणाला त्या कुटुंबाच्या नावाने ओळखू लागत. काळे, फुगे, वाल्हेकर, नाणेकर, मेदनकर ही आडनावे या परिसरात आजही आहेत, आणि त्याच नावांच्या वाड्याही आहेत. काही वाड्यांची नावे धंद्यावरून पडली; बांगड्यांचा आणि तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यापार करणारा तो कासार, आणि ‘कासारवाडी’ या नावात तो शब्द जसाच्या तसा उरला आहे. इतरत्र माळावरची ती माळवाडी आणि डोंगराजवळची ती डोंगरवाडी, अशी नावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात.

लोकांच्या बोलण्यात या इतिहासाची एक लहानशी खूण उरली आहे. ‘गावात जातो’ असे सर्वच म्हणतात. पण जुनी माणसे ‘वाडीवर जातो’ असे म्हणत. शेतावर, मळ्यावर, खळ्यावर, तसे वाडीवर. वाडी ही मुळात शेताचाच एक भाग होती, हे त्या एका ‘वर’ने सांगितले आहे.

वाडी शेतात जन्मली, त्यामुळे तिला शेताचे सुख होते. पण गावाच्या सोयी तिच्या वाट्याला आल्या नाहीत. पाटील आणि कुलकर्णी मूळ गावात असत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी ही बलुतेदार मंडळीही तेथेच. नांगराचा फाळ शेवटायचा असो किंवा बाजारहाट करायची असो, वाडीकराला गावाची वाट धरावी लागे. ग्रामदैवताचे देऊळ गावात, यात्रा गावात, चावडी गावात, आणि पुढे शाळा आली तीही गावातच. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, की वाडीवरच्या मुलांची शाळा आपोआप बुडे. पत्राच्या पत्त्यावरही हे अवलंबन स्पष्ट दिसे. ‘मुक्काम’ या शब्दापुढे वाडीचे नाव असे, पण ‘पोस्ट’ या शब्दापुढे मोठ्या गावाचे. जुन्या कागदपत्रांत मुख्य गावाच्या नावापूर्वी ‘मौजे’ असे लिहीत, आणि त्याच्या पोटात मोडणाऱ्या लहान वस्तीला ‘मजरा’ म्हणत. वाडी म्हणजे कोणाच्या तरी पदरात असलेली वस्ती, असाच अर्थ लोकांच्या मनात दृढ झाला होता. ‘वाडीवरचा’ या शब्दात म्हणूनच थोडासा उणेपणाही असे.

कोकणात या शब्दाला निराळे वळण लागले. तेथे घरे दाटीने बांधण्याची रीत नाही. प्रत्येक घराभोवती नारळी-पोफळी, आंबा, फणस आणि केळी असतात, आणि सभोवार गडगा असतो. त्या बागेलाच तेथे ‘वाडी’ म्हणतात. नारळीची वाडी शिंपणे, वाडीतून शहाळी उतरवणे, हे तेथील नित्याचे बोलणे आहे. अशा दहावीस घरांच्या समूहालाही वाडीच म्हणतात, आणि अनेक वाड्या मिळून एक गाव होतो. देशावरील वाडी गावाबाहेर असते. कोकणातील वाडी गावाच्या आत असते. काही वाड्या पुढे एवढ्या मोठ्या झाल्या, की त्यांना वाडी म्हणणे हा केवळ नावापुरता उपचार राहिला. सावंत-भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी असलेली सावंतवाडी हे त्याचे ठळक उदाहरण होय. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडीला तर लोक प्रेमाने ‘नरसोबाची वाडी’ म्हणतात.

मुंबईतही हीच कथा घडली. गिरगावात एके काळी नारळाच्या आणि फळझाडांच्या बागा होत्या. शहर वाढले, बागांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या, विहिरी बुजल्या. पण फणसवाडी, कांदेवाडी, खोताची वाडी ही नावे राहिली. मग मुंबईकरांच्या भाषेत एका आवारातील चाळींच्या समूहालाच ‘वाडी’ म्हणू लागले. झाडे गेली, मात्र एका आवारात, एकमेकांच्या सुखदुःखात राहणारी माणसे हा अर्थ त्या शब्दाला चिकटला. मोल्सवर्थ याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि दुसरी १८५७ साली निघाली. कुंपण घातलेली बाग अथवा शेत आणि शेतकऱ्यांच्या घरांचा लहान समूह, असे ‘वाडी’चे दोन्ही अर्थ त्या कोशात नोंदलेले आहेत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच हा शब्द दोन घरांत पाय ठेवून उभा होता.

विसाव्या शतकात या जुन्या शब्दाला एक नवे आणि गोड रूप मिळाले. जर्मनीतील फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने लहान मुलांच्या शाळेला ‘मुलांची बाग’ या अर्थाचे नाव १८४० साली दिले होते. मराठीत त्यासाठी ‘बालवाडी’ हा शब्द रूढ झाला. कोंवळी रोपे जशी वाडीत जपून वाढवावी, तशी मुले जेथे वाढतात ती बालवाडी. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी हे काम केले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणापर्यंत न्यावी, हा विचार तेथे प्रत्यक्षात आला, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव देण्यात आले. आज मराठी न येणाऱ्या प्रांतांतील मातादेखील हा शब्द जाणतात. पूर्वी वाडीवरच्या मुलाला शाळेसाठी ओढा ओलांडावा लागे. आता शाळेनेच वाडीचे नाव धारण केले.

पिंपरी, चिंचवड आणि चाकण यांच्या परिसरातील वाड्यांचे दिवस मात्र कारखान्यांनी पालटले. पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या काठचा हा मुलूख जुना आहे. चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीमुळे, देहू व आळंदी ही संतांच्या वास्तव्यामुळे, आणि चाकण हे फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शायिस्ताखानाच्या सैन्याशी झुंजवलेल्या किल्ल्यामुळे प्रसिद्ध आहे. चाकणचा कांदा-बटाट्याचा आणि गुरांचा बाजार दूरवर नावाजलेला आहे. अशा या शेतकऱ्यांच्या मुलखात १९५४ साली पिंपरीस पेनिसिलीन तयार करणारा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी या भागांत कारखान्यांची रांग लागली. १९७० साली येथे नगरपालिका झाली, आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. १९९७ साली सभोवारची अठरा गावे तीत सामील करण्यात आली. पुढे उद्योगांचा ओघ इंद्रायणीपलीकडे चाकणकडे वळला, आणि मोटारगाड्यांचे मोठमोठे कारखाने तेथे उभे राहिले.

कारखाना उभा राहायचा म्हणजे जमीन लागते, आणि ती शेतकऱ्याचीच जाते. ज्या शेतामुळे वाडी जन्मली, ते शेतच गेले. मोबदल्याची रक्कम कोणी शहाणपणाने वापरली, कोणी नवा धंदा उभारला, कोणी भाड्याच्या खोल्या बांधल्या; कोणाच्या हातून मात्र ती वाऱ्यासारखी निसटली, आणि उद्योगाच्या दारात उभे राहून काम मागण्याची पाळी आली. शेताची वई गेली, तेथे कारखान्याची उंच भिंत आली. गोठा गेला, खळे गेले, कडब्याची गंजी गेली. ‘वाडीवर जातो’ असे म्हणणारेही कमी झाले. आता सारे ‘वाडीत राहतो’ असे म्हणतात.

तरी या बदलाची दुसरी बाजूही आहे. जी वाडी एके काळी दुसऱ्या गावाच्या पदरात होती, ती आता स्वतःच्या पायांवर उभी आहे. नाणेकरवाडी, मेदनकरवाडी आणि खराबवाडी यांना स्वतःच्या ग्रामपंचायती आहेत. काळेवाडी आणि फुगेवाडी महानगराचे भाग झाल्या आहेत. शाळा, दवाखाना, दिवाबत्ती आणि नळाचे पाणी यांसाठी वाडीकराला आता ओढा ओलांडावा लागत नाही. ‘वाडीवरचा’ या शब्दातील उणेपणा गेला, हे लहान काम झाले नाही. यात्रेच्या दिवशी आजही येथील माणसे हौसेने बैलगाडा पळवतात. शेत गेले तरी मातीची ओढ संपलेली नाही.

आणखी एक गोष्ट घडली आहे. या वाड्यांतून आता केवळ मूळ घराण्यांची माणसे राहत नाहीत. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून कामासाठी आलेली कुटुंबे येथे राहतात. तशीच उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगाल या राज्यांतून आलेलीही राहतात. त्यांना ही जागा परकी वाटत असेल, पण तिचे नाव परके नाही. हिंदी भाषकाने आपल्या गावी ‘खेती-बाडी’ पाहिलेली असते, आणि बंगाली माणूस ‘बाडी’ म्हणतो, तेव्हा त्याला आपले घर आठवते. हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघालेली शब्दाची भावंडे कारखान्याच्या भोंग्याखाली पुन्हा एकत्र आली आहेत.

शब्दाचा अर्थ माणसांच्या जगण्याबरोबर बदलतो. कुंपण, बाग, गोठा, कुटुंबाची वस्ती, चाळींचे आवार, मुलांची शाळा, महानगराचा भाग, एवढी स्थित्यंतरे ‘वाडी’ने पाहिली. तिच्या मुळाशी असलेला अर्थ मात्र अजून जिवंत राहू शकतो. वाडीचे कुंपण कोणाला बाहेर हाकलण्यासाठी घातलेले नव्हते. आतले रोप गुरांनी खाऊ नये, आतले वासरू वाट चुकू नये, आतल्या माणसाला रात्री निर्धास्त झोप लागावी, यासाठी ते होते. वाडीत जो राहावयास आला, त्याला जपावे, हाच त्या जुन्या शब्दाचा धर्म होय. शेते गेल्यावर हा धर्म पाळायचा की नुसते नाव पाटीवर ठेवायचे, हे आता तेथे राहणाऱ्यांच्या हाती आहे.

शब्दार्थ

कूळ – वंश, घराणे. धातू – क्रियापदाचे मूळ रूप. वई – काट्यांचे कुंपण. वास्तू – इमारत, घर. फन्ना उडवणे – खाऊन किंवा वापरून संपवून टाकणे. मोट – विहिरीतून बैलांच्या साहाय्याने पाणी काढण्याचे साधन. उंबरे – (येथे) घरे. फाळ शेवटणे – नांगराच्या फाळाला धार लावणे. बलुतेदार – गावाची कामे करून धान्याच्या रूपाने मोबदला घेणारे कारागीर. गडगा – दगड रचून केलेले कुंपण. स्थित्यंतर – एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) ‘वाटी’ या संस्कृत शब्दाची ‘वाडी’ कोणत्या नियमाने झाली? त्या नियमाची आणखी दोन उदाहरणे द्या.
(आ) शेतकरी पांढरी सोडून काळीत राहू लागला, याची कारणे सांगा.
(इ) देशावरील वाडी आणि कोकणातील वाडी यांत कोणता फरक आहे?
(ई) वाडी मूळ गावावर अवलंबून होती, हे पाठातील कोणत्या गोष्टींवरून कळते?

२. कारणे द्या.
(अ) ‘वाट’ (रस्ता) आणि ‘वाडी’ यांचे कूळ एक नाही.
(आ) लहान मुलांच्या शाळेला ‘बालवाडी’ हे नाव शोभते.

३. ‘शेत गेले, पण वाडीला स्वतःची ग्रामपंचायत मिळाली.’ या बदलात वाडीकरांनी काय गमावले आणि काय मिळवले, ते आठदहा ओळींत लिहा.

४. भाषाभ्यास : सुरा–सुरी, वाडा–वाडी यांसारख्या, मोठी व लहान वस्तू दाखवणाऱ्या पाच जोड्या लिहा.

५. उपक्रम : आपल्या गावाजवळच्या अथवा शहरातील पाच वाड्यांची नावे मिळवा. घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून, ती नावे आडनावावरून, धंद्यावरून, झाडावरून की जागेवरून पडली, याची नोंद करा. सांगणाऱ्यांत मतभेद असल्यास दोन्ही मते लिहून ठेवा.